रक्ताचे थेंब, फुलकोबी आणि सदाफुली

राखणीच्या कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडू लागले की गावात त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. कुत्री असेल तर ‘माजावर आली’, कुत्रा असेल तर ‘उष्णता झाली’. माजाचं रक्त फार तर तीन आठवडे चालतं. महिना उलटला तरी थेंब थांबत नाहीत, जनावर सारखं तिथेच चाटतं आणि कातडी मागे सारली की आत फुलकोबीसारखा, हात लागताच रक्त सुटणारा लाल गोळा दिसतो, तेव्हा तो बहुतेक वेळा टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर) असतो. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा हा कॅन्सर आहे.

विदर्भातल्या शेतकऱ्याला बैलाच्या शिंगाचा कॅन्सर माहीत असतो. त्यात शिंग कापावं लागतं, म्हणून इथेही चाकूच चालणार असं वाटतं. पण टीव्हीटी नुसता कापून काढला तर बऱ्याचदा परत येतो. औषधाला मात्र तो इतका चांगला दाद देतो की वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तर बहुतेक कुत्री कायमची बरी होतात. कुत्र्यांच्या सगळ्याच कॅन्सरबद्दल असं म्हणता येत नाही. गाठी सर्वांगावर येणाऱ्या लिम्फोमात उपचाराने आयुष्य काही महिने वाढतं, रोग सहसा जात नाही.

या रोगाचा स्वभावच विचित्र आहे. जंतू किंवा विषाणू नाही, तर कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊन रुजते. रशियन पशुवैद्य मस्तिस्लाव नोविन्स्की यांनी १८७६ साली गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात रुजवून ती अशी रुजते हे दाखवलं. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत बहुधा ५७ ते ५९. म्हणजे गाठ त्या कुत्र्याची नसतेच. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी आजही वावरावावरांतून फिरत आहेत. हुंगण्या-चाटण्यातून त्या नाकात आणि तोंडातही रुजतात. माणसाला हा रोग होत नाही.

निदान स्वस्तात होतं. गोळ्यावर काचपट्टी हलकेच दाबायची, हवेत वाळवायची, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. गोल पेशी आणि त्यांत पारदर्शक बुडबुडे दिसले की शंका मिटते. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर काचपट्टी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत दाखवता येते. मात्र ती फॉर्मेलिनच्या बाटलीसोबत एकाच पिशवीत नेऊ नये, वाफेने रंग बिघडतो. नाकातून रक्त येत असेल तर गोचीड तापाचीही तपासणी करून घ्यावी. तोही नाकातून रक्त काढतो, शिवाय रक्तातल्या पेशी कमी करतो. तशात कॅन्सरचं औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं.

औषधाचं नाव व्हिनक्रिस्टीन. अंगणातल्या सदाफुलीपासून ते मिळतं. पाला वाटून पाजण्यात मात्र अर्थ नाही: पानात ते अत्यल्प असतं आणि सोबतची द्रव्यं विषारी असतात. आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा. मात्रा किलोला ०.०२५ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम औषध असलेल्या १ मिलिलिटरच्या कुपीतलं अर्धं. कुपी २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायची. उन्हाळ्यात गावी नेताना थर्मासमध्ये बर्फ ठेवावा, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नये, गोठलं की ती वाया.

हे इंजेक्शन फक्त शिरेतच जातं. थेंबभर जरी शिरेबाहेर गळलं तरी कातडी सडते. म्हणून आधी सलाईन सोडून सुई शिरेतच आहे ना हे पाहतात. गळलंच तर सुई न काढता उरलेलं औषध ओढून घेतात आणि मग कोमट शेक देतात. मांडीत सुई टोचायला तयार असणाऱ्याकडून हे इंजेक्शन घेऊ नये.

प्रत्येक इंजेक्शनआधी रक्त तपासावं. पांढऱ्या पेशी ४,०००च्या खाली असतील तर डोस पुढे ढकलतात. या पेशी पाचव्या ते सातव्या दिवशी सर्वांत कमी होतात, म्हणून त्या दिवसांत ताप रोज मोजावा. तेल लावलेला थर्मामीटर गुदद्वारात एक मिनिट, तेही कुत्रा सावलीत अर्धा तास बसल्यावर; मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या कुत्र्याचा ताप खरा कळत नाही. १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा माणसाच्या ताप-दुखीच्या गोळ्या मुळीच नको. कुत्र्याच्या पोटात त्यांनी जखमा होतात.

उलटी, भूक मंदावणं, शौचाला कडक होणं हे अपेक्षित आहे. मऊ भात, उकडलेलं अंडं, थोडं थोडं पाणी द्यावं. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. दिवसभर पाणी पोटात टिकलं नाही तर सलाईन लागतं. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस लघवी-विष्ठा हातमोजे घालून उचलावी. घरातल्या गरोदर बाईने ते काम करू नये.

गोळ्यावर माशा बसून अळ्या पडतात. अशा वेळी घासलेट, फिनाईल किंवा कपाशीवरचं फवारणीचं औषध लावलं जातं. फवारणीच्या विषाने कुत्रा कॅन्सरच्या आधी मरतो. जखम सलाईनने धुवावी. चाटू नये म्हणून प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून गळ्यात अडकवावी.

सर्वांत मोठी चूक दुसऱ्या इंजेक्शननंतर होते. रक्त थांबतं, गोळा आकसतो, आणि एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, तूर राखायला माणूस नाही, या सगळ्यापुढे तिसरी फेरी रद्द होते. उरलेल्या पेशी मग औषधाला दाद देईनाशा होतात आणि डॉक्सोरुबिसिनसारखं महाग, जास्त त्रासाचं औषध लागतं. गोळा डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत इंजेक्शन चालू ठेवायचं, आणि बंद केल्यावरही निदान सहा महिने, महिन्यातून एकदा, कातडी मागे सारून आत बघायचं. रक्ताचे आकडे पूर्ववत झाले की नसबंदी करून घ्यावी. गावात रक्त गळणारी मोकाट कुत्री दिसली तर तिचीही काचपट्टी काढायला डॉक्टरांना सांगावं.