सावड, वटवाघूळ आणि नाथांचं गाढव

देवाचा धाक नसेल तर माणसं चांगली वागतील का, असं अनेक जण विचारतात. मला त्यावर आधी सावड आठवते. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी मराठवाड्यात पेरणीला सावड करतात. ट्रॅक्टर आल्यापासून ती कमी झाली, पण जुनी माणसं अजून सांगतात. दोघांचे बैल एका तिफणीला जुंपायचे, आज तुझं रान, उद्या माझं. त्याला ना कागद, ना साक्षीदार. पण स्वतःचं रान पेरून झाल्यावर जो बैल द्यायला टाळाटाळ करतो, त्याला पुढच्या वर्षी कोणी जोडीला घेत नाही.

१९७१ मध्ये रॉबर्ट ट्रायव्हर्स या जीवशास्त्रज्ञानं हाच व्यवहार उत्क्रांतीच्या अंगानं मांडला. पुन्हा पुन्हा भेटणारे, एकमेकांना ओळखणारे जीव असतील, तर मदत करणाराही टिकतो आणि फसवणारा मागे पडतो. पुढे जेराल्ड विल्किन्सन यांना कोस्टारिकात रक्त पिणाऱ्या वटवाघळांमध्ये असंच दिसलं. दोन-तीन रात्री पोटात काही गेलं नाही, तर हे वटवाघूळ मरतं. अशा वेळी पोट भरलेलं वटवाघूळ स्वतःच्या पोटातलं रक्त उलटून उपाशी सोबत्याला पाजतं, नात्यात नसलेल्यालाही. त्याला धर्मग्रंथ नाही, नरकाची भीती नाही. म्हणून ‘देव नसता तर माणसं एकमेकांना फाडून खाती’ हे म्हणणं मला पटत नाही.

तरी नुसत्या देण्याघेण्याच्या हिशोबानं सगळं उलगडत नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट घ्या. काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, असं परंपरा सांगते. गाढव ना नात्यातलं, ना कधी परतफेड करणारं. मग ते पाणी का पाजावं? माझ्या मते उत्तर असं : उत्क्रांतीनं आपल्याला हिशोबाची वही दिली नाही, कळवळा दिला. लेकराच्या रडण्यानं जीव कासावीस होणाऱ्या आयांचीच पिल्लं जगली. तो कळवळा एकदा अंगात आला की परक्याचं दुःख पाहूनही जागा होतो. २००६ मध्ये वॉर्नेकन आणि टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडू दिल्या. बरीच मुलं बक्षीस नसताना, कोणी शाबासकी न देताही ती उचलून द्यायला धावली.

पण या कळवळ्याला कुंपण असतं. डार्विननं १८७१ मध्येच लिहिलं होतं की एकमेकांसाठी झिजणाऱ्यांची टोळी दुसऱ्या टोळ्यांवर मात करते. म्हणजे आपल्या माणसांवरची माया आणि परक्याचा दुरावा एकत्रच वाढले. कुंपण कुठवर न्यायचं हे मात्र माणसं ठरवतात, आणि इथे धर्माचा हात मोठा आहे, दोन्ही बाजूंनी. नाथांनी ते गाढवापर्यंत नेलं. त्याच मुलखात गावचे पाणवठे दलितांना बंद होते, तेही धर्माच्याच नावानं. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ते नाव १९९४ मध्ये लागलं. मधली सोळा वर्षं हे कुंपण हलवायला माणसांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, जीव दिले.