डबलसीटच्या लांब प्रवासाची गाडी: मागच्या सीटचा इतिहास

जोडीने लांब जायला कोणती मोटारसायकल घ्यावी, ही चर्चा आपल्याकडे सीसी आणि किमतीपासून सुरू होते. माझ्या मते ती मागच्या सीटपासून सुरू व्हायला हवी. तशी का होत नाही, ते या सीटचा इतिहास पाहिला की कळतं.

जुन्या बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नसे. चालवणाऱ्याच्या सीटखाली स्प्रिंगा असत. मागे मात्र मडगार्डवर बसवलेली नुसती गादी. प्रत्येक खड्डा थेट मागच्याच्या मणक्यात जायचा. इंग्लंडमधल्या रॉयल एन्फिल्डच्या १९४९ च्या बुलेटला मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) आणि शॉकॲब्सॉर्बर आले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तीच बुलेट आपली झाली. घाटात दोघं आणि सामान घेऊन ती टिकली, याचं कारण तिचं जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिन फिरतं ठेवणारं चाक, आणि इंजिन हळू फिरत असतानाही मिळणारी ओढ. लोक आवाजाचं कौतुक करतात, पण डबलसीट चढाला कामी येते ती ही ओढच.

आपल्या मागच्या सीटला खरा आकार दिला साडीने. पाय एका बाजूला टाकून बसायची पद्धत इतकी रुळलेली, की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्यासाठी कायमची मूठ, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं कवच सक्तीचं झालं. साडीगार्डने कितीतरी बायकांचे जीव वाचवले असतील. पण एका बाजूला बसलं की तोल एकीकडे जातो आणि तासा-दोन तासांत कंबर धरते. लांबच्या प्रवासाला दोन्हीकडे पाय टाकून बसणंच बरं. साडीगार्डमुळे डाव्या बाजूला सामानाची पिशवी नीट बसत नाही, ही अडचणही तिथूनच आलेली.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि मायलेज हाच निकष झाला. ९७ सीसीच्या त्या गाडीवर कित्येक कुटुंबं महाबळेश्वरला जाऊन आली, पण ती रोजच्या कामाची गाडी. २००१ मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर आणली, तरुणांना वेगाची गोडी लागली, आणि पुढे दोन तुकड्यांच्या उंच, अरुंद सीट आल्या. मागचा टोकावर बसतो, ब्रेक लागला की पुढे घसरतो. या काळात मागच्या माणसाचा विचार झालाच नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

अमेरिकेत हे उलट दिशेने घडलं. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये निघाली तेव्हा उघडी होती. लोक बाहेरून विंडशील्ड आणि पेट्या आणून लावू लागले. ते पाहून १९८० मध्ये कंपनीनेच फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) आणि पेट्यांसह इंटरस्टेट मॉडेल काढलं. मागची सीट ही तिथे गाडी विकण्याची मुख्य बाब ठरली.

आपल्याकडे २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आणि वर्षअखेरीस बजाजची डोमिनार ४०० आली, तेव्हा लांब पल्ल्याचा वेगळा वर्ग तयार झाला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. डबलसीट असताना हे फार मोलाचं, कारण वजन वाढलं की थांबायला अंतर जास्त लागतं. मागे माणूस बसला की मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट वर उचलला जातो. म्हणून प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण, वाढवता येतो का, हे आधी विचारावं, आणि मागच्या चाकात कंपनीने डबलसीटसाठी सांगितलेली हवा भरावी.

टेस्ट राइडला एकटं जाऊ नका. जी व्यक्ती मागे बसणार तिला घेऊन जा. खराब रस्त्यावर अर्धा तास फिरा, फूटरेस्टवर तिचे गुडघे फार वर येतात का ते बघा, आणि टोकन द्यायच्या आधी कंबर कशी आहे ते तिलाच विचारा.