बोलायला उशीर होतोय असं वाटलं, तर
(आमच्या बालविकास केंद्रात येणाऱ्या पालकांसाठी)

पहिल्या भेटीत आम्हाला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "याचे बाबाही उशिराच बोलले." बाबा पुढे बोलले, हे खरंच. पण त्या वयात ते हाकेला ओ देत होते का, बोटाने काही दाखवत होते का, हे आज घरात कुणालाच आठवत नसतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची घडण फार झपाट्याने होते. त्यातले सहा महिने नुसती वाट बघण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्रक.

शब्दांआधी बोट

खिडकीत कावळा आला की सव्वा-दीड वर्षाचं मूल त्याच्याकडे बोट करतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं. तिनेही कावळा पाहिला का, हे त्याला हवं असतं. दुसरं एखादं मूल आईचं मनगट धरून तिला बिस्किटांच्या डब्यापाशी ओढत नेतं, तिचा हात डब्यावर ठेवतं, पण तिच्याकडे बघत नाही. शब्द दोघांनाही येत नसतील, तरी दुसऱ्या मुलाची तपासणी आम्ही लांबवत नाही.

ढोबळ हिशेब असा: 9 महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा', वर्षाच्या आत नावाने हाक मारली की वळणं, 16 महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थाचा शब्द, 2 वर्षांपर्यंत "आई ये", "दूदू दे" अशी जोडी. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजा. आणि येत असलेले शब्द बंद झाले, तर वय कितीही असो, थांबू नका.

घरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलतात म्हणून मूल मागे पडत नाही. जिभेला वेखंड चाटवू नका. त्याने बोलणं सुधारत नाही, उलट्या मात्र होऊ शकतात.

आधी कान

दार आपटल्यावर दचकतं, म्हणजे ऐकू येतं, असं समजू नका. थोडं कमी ऐकणाऱ्या मुलालाही मोठा आवाज कळतो, पण 'स', 'फ' असे बारीक आवाज निसटतात. म्हणून आम्ही आधी ओएई किंवा बेरा ही यंत्राने होणारी ऐकण्याची तपासणी करून घ्यायला सांगतो. दोन्ही तपासण्यांत दुखत नाही. बेरासाठी मूल झोपलेलं असावं लागतं, इतकंच.

हट्टी, मारकुटं, चावरं

दीड ते तीन वर्षांत जमिनीवर लोळण घेणं बहुतेक मुलं करतात. पण ज्याला "नको" म्हणता येत नाही, ते मूल चावून "नको" सांगतं. त्याला वाईट म्हणू नका, फटका तर मुळीच नको. हाताने "नको", "अजून", "दे" अशा खुणा शिकवल्या की चावणं पुष्कळदा कमी होताना आम्ही पाहिलं आहे. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही.

जेवताना मोबाईल लावून देणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही. तिला दहा कामं असतात. तरी भारतीय बालरोग तज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये सांगितलं आहे की 2 वर्षांखाली स्क्रीन नकोच, 2 ते 5 वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांसोबत. चिऊ-काऊचे घास भरवताना मूल तुमच्या ओठांकडे बघतं, ते त्याच्या फार उपयोगाचं असतं.

खर्चाची अडचण असेल तर

आमचं शुल्क परवडत नसेल, तर मोकळेपणाने सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या केंद्रांत) तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. अंगणवाडीताईंना विचारा, किंवा आमच्याकडून चिठ्ठी घेऊन जा.

येताना

झोप आणि खाणं झालेलं मूल आणा. लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद आणि घरात खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत असू द्या. इथे नव्या जागी मुलं बुजतात. दिवसभर आजी सांभाळत असतील, तर त्यांनाही आणा. बाळ कधी, कशाला हसतं, हे त्यांना बारकाईने ठाऊक असतं.