जास्त जोराची एअर रायफल लवकर का थकते?

एअर रायफलच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो: १२०० फूट प्रति सेकंद, १३०० फूट प्रति सेकंद. आडरानात अडकलो तर ससा, खार किंवा एखादा पक्षी मारून पोट भरता यावं, म्हणून वर्षानुवर्षं साथ देणारी रायफल शोधणारा माणूसही बहुधा त्याच आकड्याला भुलतो. टिकाऊपणा हवा असेल तर तो आकडा जितका मोठा, तितकी ती बंदूक मला जास्त संशयास्पद वाटते. त्याचं कारण तिच्या पोटात आहे.

स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलमध्ये हवा साठवलेली नसते, हे पुष्कळांच्या गावी नसतं. नळी बिजागरीवर दुमडून किंवा तिच्या खालचा दांडा ओढून आपण एक दट्ट्या मागे सारतो. त्यासरशी जाड स्प्रिंग दबते आणि खाचेत अडकते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि समोरची हवा काही मिलिसेकंदांत चेपली जाते. इतक्या झटपट दाबलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला सवडच मिळत नाही, त्यामुळे तिचं तापमान क्षणभर कित्येक शे अंशांवर जातं. ही तापलेली हवा एका बारीक छिद्रातून नळीत घुसते आणि छर्‍याला ढकलते. दट्ट्यापुढे तेल जास्त झालं असेल तर त्याची वाफ डिझेल इंजिनातल्यासारखी पेट घेते, नळीतून धूर येतो आणि दट्ट्याचं सील भाजून निघतं. तेव्हा बंदुकीला तेल हवं, पण दट्ट्यापुढे फारच बेताचं.

आता ऊर्जेचा हिशेब. स्प्रिंगमध्ये साठलेल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांशच वाटा छर्‍याला मिळतो. छर्रा १६ जूल घेऊन निघाला असेल, तर स्प्रिंगने ४५ ते ५० जूल सोडलेले असतात. उरलेले तीसेक जूल प्रत्येक बार उडताना उष्णता, आवाज, कंप आणि धक्का होऊन बंदुकीतच जिरतात. दट्ट्या पुढे सुटताना रायफल मागे येते आणि तो थांबताना पुढे झेपावते. या दुहेरी हिसक्यामुळेच दारूच्या बंदुकांसाठी बनवलेल्या चांगल्या, महागड्या दुर्बिणीसुद्धा स्प्रिंगच्या रायफलवर खिळखिळ्या होतात. त्यांची रचना एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी केलेली असते. छर्‍याची ऊर्जा ३० जूलवर नेली की बंदुकीला सोसावा लागणारा मार जवळजवळ दुप्पट होतो. स्क्रू सैल होतात, दस्त्याला चिरा जातात, स्प्रिंग वेटोळ्यांपाशी तुटते. शिवाय अशी रायफल कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून खाचेत अडकवायला, वीस किलो किंवा त्याहून जास्त जोर लागतो. भुकेल्या, थकलेल्या माणसाला हे जमेल का, याचा विचार विकत घेताना कुणी करत नाही.

मग पुरेशी ऊर्जा किती? इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल आहे, आणि तिथे सशांची शिकार पिढ्यान्‌पिढ्या याच मर्यादेत होत आली आहे. ४.५ मिमीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटला, किंवा ५.५ मिमीचा ०.९३ ग्रॅमचा छर्रा १८० मीटरने, तरी ऊर्जा जवळपास तेवढीच भरते. पहिल्याचा मार्ग सपाट असतो, दुसऱ्याचा अधिक वाकतो. पण जाड छर्रा शरीरात मोठी वाट करतो आणि गारठलेल्या बोटांनी भरायलाही सोपा पडतो. जगण्यासाठीची शिकार म्हटली की मी ५.५ मिमीकडे झुकतो. मात्र १८० मीटर वेगाचा छर्रा ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून जवळजवळ अर्धा मीटर खाली येतो. सशाच्या मेंदूचा वेध घ्यायचा तर लक्ष्य जेमतेम तीन सेंटिमीटरचं. म्हणून अंतर २५-३० मीटरच्या आत ठेवायचं आणि त्या अंतरावर दहाच्या दहा छर्रे तेवढ्या वर्तुळात पडत नसतील, तर जिवंत सावजावर नेम धरायचा नाही. जखमी होऊन बिळात शिरलेला ससा त्याच्याही कामाचा राहत नाही, आपल्याही.

खोक्यावरचे ते १२००-१३०० फूट बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यांनी मिळवलेले असतात. कमरेत बारीक असलेला नेहमीचा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, डळमळू लागतो. विकत घेतलेला वेग अशा रीतीने नेमाच्याच मुळावर येतो.

स्प्रिंगला पर्याय आहेत. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणारी बंदूक या कामासाठी मी विचारातही घेणार नाही. २० अंश सेल्सिअसला कुपीतल्या द्रवावरचा दाब वातावरणाच्या ५६ पट असतो, तो शून्य अंशाला ३४ पटींवर घसरतो. आणि कुप्या संपल्या की हातात नुसता दांडा उरतो. आधीच हवा भरून ठेवायची पीसीपी रायफल नेमाला सर्वांत सरस. तिला धक्का जवळपास नसतो. पण तिला २०० ते ३०० पट दाबाची हवा लागते. ती हातपंपाने भरताना घाम निघतो, आणि हवेतलं बाष्प दाबाखाली पाणी होऊन टाकीत साचतं, आतून गंज चढवतं. तिची सगळी भिस्त रबरी ओ-रिंगांवर असते, आणि एखादी बारीकशी रिंग फाटली तरी टाकी रिकामी होते. प्रत्येक बार उडवण्याआधी तीन ते दहा वेळा पंप करायच्या रायफलचा विचार मात्र जरूर करावा. ती हलकी असते, बाहेरून काही मागत नाही आणि धक्काही देत नाही. दुसरा बार पटकन निघत नाही, ही तिची अडचण; पण रानातला ससा तसाही दुसऱ्या बारासाठी थांबत नाही.

धातूच्या स्प्रिंगऐवजी नायट्रोजनचं बंद नळकांडं बसवलेल्या रायफलींची हल्ली चलती आहे. तासन्‌तास कॉक करून ठेवली तरी वायू थकत नाही. धातूची स्प्रिंग मात्र तशी दाबून ठेवली की हळूहळू आखडते. थंडीत वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो. ३० अंशांवरून उणे १० अंशांवर गेलं तर सुमारे १३ टक्के, तेवढं चालून जातं. पण नळकांड्याचं सील गळलं तर घरी काहीच करता येत नाही, ते बदलावंच लागतं. उलट तुटलेली स्प्रिंग पुष्कळदा स्वतःच्याच वेटोळ्यांत अडकून कमी जोराने का होईना, काम देत राहते. वस्तीपासून दूर वापरायचं अवजार असंच हवं: एकदम न मरणारं आणि हाताने दुरुस्त होणारं.

मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या, अमेरिका ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेलेल्या मोहिमेत एक एअर रायफल होती. तिचा उपयोग मुख्यतः वाटेत भेटणाऱ्या जमातींना चकित करण्यासाठी होई. १० जून १८०५ ला लुईसने रोजनिशीत नोंद केली आहे की शील्ड्सने तिची मुख्य स्प्रिंग नवी करून दिली. जॉन शील्ड्स हा मोहिमेतला लोहारकाम जाणणारा माणूस. आपल्यासोबत शील्ड्स नसणार, म्हणून खरेदी करतानाच एक जादा स्प्रिंग आणि दोन सीलं घेऊन ठेवावीत आणि ती बसवण्याचा सराव घरी करावा. दाबलेली स्प्रिंग उघडताना दात पाडू शकते, त्यामुळे तिला धरून ठेवणारी चौकट लागतेच. जुन्या पद्धतीचं चामड्याचं सील हाताने कापूनही बनवता येतं. काही प्रकारचं पॉलियुरेथेन मात्र दमट हवेत वर्षं काढली की वापर नसतानाही भुगा होतं.

बाकीच्या गोष्टी दुकानातच हाताळून पाहाव्यात. माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, आणि मागचं साइट धातूचं असावं. अनेक रायफली आता केवळ दुर्बिणीवर विसंबून, साइटशिवायच विकल्या जातात. अशी घेऊ नये. लाकडी दस्ता दिसतो सुरेख, पण ओलाव्याने फुगतो आणि नेम सरकवतो. प्लास्टिकचा दस्ता दिसायला रूक्ष, पण स्थिर. नळीवरचा काळा-निळा रंग म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचाच पातळ थर. गंज थोपवतं ते त्यावर चोळलेलं तेल. आणि मित्राला दाखवायला म्हणून छर्‍याविना रिकामा बार कधीच काढू नये. छर्रा नसला की दट्ट्यापुढची हवा अडत नाही आणि तो थेट धातूवर आदळतो.

५.५ मिमीच्या ५०० छर्‍यांचा ऐवज अर्ध्या किलोलाही भरत नाही, हे या शस्त्राचं खरं बळ. एकाच जातीचे छर्रे भरपूर घ्यावेत, कारण प्रत्येक नळीला कुठला छर्रा मानवतो हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिसं दमटपणात पांढरं पडतं, त्यामुळे डबा कोरडा ठेवावा. ठिकठिकाणचे परवान्याचे आणि वन्यजीवांचे नियम आधीच पाहून घ्यावेत. अनेक देशांत ज्या प्राण्यांचा आपण विचार करतो तेच संरक्षित असतात.

भुकेचाही हिशेब मांडायला हवा. सशाच्या अर्धा किलो मांसातून ५५०-६०० किलोकॅलरी मिळतात, आणि दिवसभर चालणाऱ्या माणसाला त्याच्या चौपट तरी लागतात. हे मांस जवळपास निव्वळ प्रथिनांचं. चरबी आणि पिष्ट नसलेला असा आहार काही दिवस चालला की यकृताला प्रथिनांतला नायट्रोजन निपटता येत नाही. मळमळ, जुलाब आणि कितीही खाल्लं तरी न भागणारी भूक सुरू होते. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या शिकाऱ्यांना हा आजार चांगला ठाऊक होता. म्हणून सामानात तूप, तेल किंवा शेंगदाण्यांसारखं काही असावंच. सावज कापताना छर्रा गेलेल्या वाटेभोवतीचं मांस दोन बोटं सोडून काढून टाकावं, कारण हाडावर आदळलेल्या शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण तिथे पसरलेले असतात. आणि छर्रे हाताळलेले हात धुतल्याशिवाय घास घेऊ नये.