मेन कॅपचे बोल्ट आणि स्टड: दोनावरून सहापर्यंत

शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ १९५५ साली आलं तेव्हा त्याच्या प्रत्येक मेन कॅपला, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) खालून ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या टोपीला, दोनच बोल्ट होते. रोजच्या गाडीला तेवढे पुरेसे होते. रेसिंगवाल्यांनी तीच रचना जास्त फेऱ्यांवर, जास्त दाबाखाली पळवायला घेतली तेव्हा दुखणं बाहेर आलं. बोल्ट तुटायच्या कितीतरी आधी कॅप ब्लॉकवर सूक्ष्म सरकत होती, आणि उघडल्यावर बसणीच्या पृष्ठभागावर घासल्याच्या खुणा दिसत.

कारखान्यांचं उत्तर सरळ होतं : बोल्ट वाढवा. फोर्डच्या ४२७ इंजिनात १९६३ साली आणि क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनात १९६४ साली मधल्या कॅपना बाजूनेही बोल्ट आले. शेव्हरोलेने १९६८ च्या ३०२ इंजिनात कॅपला चार बोल्ट दिले, आणि १९९७ च्या एलएस१ मध्ये सहा.

पण जुना ब्लॉक हाती असलेल्याला नवी भोकं पाडणं महागात पडतं. त्याने आहे त्याच भोकांत जास्त चांगलं काय बसेल ते शोधलं. गॅरी होल्झॅप्फेल यांनी १९६८ मध्ये एआरपी ही बोल्ट-स्टड बनवणारी कंपनी सुरू केली ती याच गरजेवर. विमानांच्या फास्टनरचं (बोल्ट, स्टड, नट वगैरेंचं) ज्ञान रेसिंगमध्ये आलं. ८७४० क्रोममॉली पोलादाची ताकद चौरस इंचाला साधारण १,८०,००० ते २,००,००० पाउंड, तर ग्रेड ८ या दर्जाच्या साध्या बोल्टची किमान १,५०,०००.

माझ्या मते या आकड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त भाळतात. कॅप धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण. बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंगच, आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, दाखवणारा पाना) तिचा ताण थेट मोजत नाही. लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. म्हणून टॉर्कचा आकडा ठरावीक वंगणापुरताच खरा. मॉलीच्या (मॉलिब्डेनमयुक्त, जास्त निसरड्या वंगणाच्या) पेस्टसाठी दिलेला आकडा साध्या ऑइलवर वापरला तर ताण कमी भरतो. उलट केलं तर बोल्ट जास्त ताणला जातो.

स्टडचा, म्हणजे बिनडोक्याच्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्याचा, फायदा इथेच आहे. तो ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा आणि वरचा नट आवळायचा, म्हणजे स्टडला पीळ कमी, ताण जास्त. शिवाय वारंवार उघडझाक झाली तरी झिजतात ते नटाचे आटे. ब्लॉकमधले बिडाचे आटे वाचतात. मात्र भोक आधी साफ आणि कोरडं हवं. तळाशी ऑइल साचलेलं राहिलं तर दाबाने ब्लॉक तडकू शकतो. आणखी ताकदवान म्हणून एल१९ हे पोलाद घ्यायचं तर त्याला ओलावा सोसत नाही, हाताचा घामसुद्धा नाही.

खरी मेख पुढे आहे. नवे स्टड कॅपला जुन्या बोल्टपेक्षा वेगळ्या जोराने दाबतात, त्यामुळे बेअरिंगचं घर गोल राहत नाही. बेअरिंगमधली मोकळीक मुळात जर्नलच्या (क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंच व्यासाला एक हजारांश इंच. थोडा वाकडेपणाही ती खाऊन टाकतो. म्हणून सगळ्या कॅप पूर्ण टॉर्कवर आवळून बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजणाऱ्या मापकाने) माप घ्यायचं, गरज पडल्यास लाइन होनिंग, म्हणजे सगळी घरं एका रेषेत घासून गोल करणं, करायचं. त्यासाठी कॅपचे तळ घासले की क्रँकची मध्यरेषा किंचित वर सरकते, आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) ब्लॉकमध्येच असलेल्या इंजिनात, क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणारी टायमिंग चेन सैल पडते. तेव्हा चेनही त्या हिशेबानेच मागवावी लागते.