भेटीगाठींविना नाताळ आणि माणसांची भूक

ब्रिटनमध्ये २०२० च्या डिसेंबरात लोक दिवस मोजत होते. नाताळापुरती, २३ ते २७ डिसेंबर, तीन घरांच्या माणसांना एकत्र यायला सरकारने मुभा दिली होती. ८ डिसेंबरला कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना कोविडची लस टोचली गेली. दुसरी लस घेणाऱ्या ८१ वर्षांच्या गृहस्थांचं नाव विल्यम शेक्सपिअर निघालं, त्यामुळे दोन दिवस विनोदांचीही चंगळ झाली. मग १९ तारखेला, शनिवारी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले. आग्नेय इंग्लंडमध्ये सापडलेला विषाणूचा नवा प्रकार ७० टक्क्यांपर्यंत अधिक वेगाने पसरत असावा, असा अंदाज होता. लंडन आणि आसपासच्या भागात दुसऱ्याच दिवसापासून निर्बंधांची चौथी, सगळ्यात कडक पातळी लागू झाली. परक्या घरात पाऊल टाकायचं नाही. इंग्लंडच्या उरलेल्या भागात पाच दिवसांचा एक दिवस झाला. टर्कीची ऑर्डर देऊन झालेली, पुडिंग कित्येक आठवड्यांपासून मुरत पडलेलं, आणि जेवायला येणारं कोणी नाही.

या घोषणेनंतर जी उदासी पसरली, तिच्याकडे 'एका सणाचं काय एवढं' असं म्हणून बघणारे बरेच होते. त्यांना शरीरशास्त्राचा आधार नाही. याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिव्हिया टोमोव्हा, रिबेका सॅक्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग केला होता साथीच्या आधीच. चाळीस निरोगी माणसांना एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास एकटं ठेवलं. फोन नाही, सोशल मीडिया नाही. दोन्ही वेळा नंतर मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना चित्रं दाखवली: खाण्याच्या पदार्थांची, एकत्र हसणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांची आणि तुलनेसाठी फुलांची. उपाशी माणसाला पास्ता दिसल्यावर मध्यमेंदूतला डोपामाइनशी (हवंहवंसं वाटण्याशी जोडलेल्या रसायनाशी) निगडित जो भाग जागा होत होता, तोच भाग एकट्या माणसाला घोळका दिसल्यावर जागा होत होता. ज्याला एकटेपणा जास्त जाणवला होता त्याच्यात तो जास्त जोरात.

शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो हेच कितीतरी वर्षं सांगत होते: एकटेपणा हा भूक-तहानेसारखा इशारा आहे, कळपापासून दुरावलेल्या जीवाला परत फिरवणारा. इशारा दाबून टाकता येत नाही, त्याला काहीतरी द्यावं लागतं. आणि काय दिलं म्हणजे तो शांत होतो, हे बऱ्यापैकी मोजून झालेलं आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी मोठ्यांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. पोरी घाबरल्या, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. मग काहींना आई येऊन भेटली, काहींशी फोनवर बोलली. दोन्ही गटांत ताण उतरला आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, वाढलं. पुढच्या प्रयोगात काही मुलींनी आईशी फक्त टाइप करून संवाद साधला. त्यांचं कॉर्टिसॉल कोणाशीच न बोललेल्या मुलींइतकंच चढं राहिलं. प्रयोग लहान आहेत, आणि लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजून मेंदूत काय चाललंय ते सगळं कळतं असंही नाही. पण दिशा स्पष्ट आहे. शब्द तेच, आई तीच, तरी आवाज गेला की बरंच काही जातं. सणाला पन्नास जणांना एकच फॉरवर्ड ढकलणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

चेहरा दिसायलाच हवा का? त्या नाताळात झूमने फुकट कॉलवरची ४० मिनिटांची मर्यादा उठवली आणि घराघरांत चौकोनांची जेवणं झाली. पण अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांच्या प्रयोगांत व्हिडिओमुळे नुसत्या आवाजापेक्षा फारशी जास्त जवळीक निर्माण झाली नाही. लिहिण्यापेक्षा बोलण्याने मात्र झाली. गंमत अशी की, फोन केला तर अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं आणि प्रत्यक्षात तसं झालं नाही.

सगळ्यात उपयोगी पुरावा टेक्सासमधून आला. २०२० च्या उन्हाळ्यात मनिंदर कहलों यांच्या गटाने घरपोच जेवणाची सेवा घेणाऱ्या, बहुतांश वृद्ध, २४० जणांची निवड केली. निम्म्यांना चार आठवडे फोन येत राहिले. फोन करणारी १६ मुलं-मुली, वय १७ ते २३, मानसोपचाराचा कुठलाही अनुभव नसलेली. थोडंसं प्रशिक्षण एवढंच की समोरच्याला बोलू द्यायचं आणि त्याच्याच गोष्टीत रस घ्यायचा. महिन्याभरात फोन येणाऱ्यांचा एकटेपणा, चिंता आणि नैराश्य, तिन्ही मोजमापं खाली आली. औषधाच्या चाचणीसारखी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी होती, म्हणून तिचं वजन मोठं.

आता दुसरी बाजू. नाताळ म्हणजे गाणं, आणि या साथीत गाण्याइतकं धोक्याचं क्वचितच काही होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट व्हॅलीच्या गायकवृंदाची १० मार्च २०२० ला अडीच तास तालीम झाली. हजर ६१, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं. त्याला धरून एकूण ५३ जण आजारी पडले (३३ जणांची चाचणी पॉझिटिव्ह, उरलेल्यांचं निदान लक्षणांवरून), दोघांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी हस्तांदोलन, मिठ्या टाळल्या होत्या. गाताना श्वास खोल जातो, स्वरयंत्र जोरात कंप पावतं आणि तोंडातून अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा निघतो. त्यातले मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात. बारीक मात्र बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे तरंगत, साठत राहतात. म्हणून नुसतं हस्तांदोलन टाळून उपयोग झाला नाही.

महाराष्ट्र सरकारने त्या नाताळासाठी काढलेल्या सूचनांत प्रार्थनेला ५० जणांची आणि गायकवृंदाला १० जणांची मर्यादा घातली होती, प्रत्येकाचा माइक वेगळा ठेवायला सांगितलं होतं. महापालिकांच्या हद्दीत २२ डिसेंबरपासून रात्री ११ नंतर संचारबंदी, त्यामुळे चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संध्याकाळवर आली. माझ्या मते माइकपेक्षा उघड्या खिडक्यांवर जोर हवा होता, पण तेव्हा जगभर सगळ्यांचंच लक्ष वस्तू पुसण्याकडे जास्त आणि हवेकडे कमी होतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला नाताळच्या आदल्या दिवशीचा गाण्यांचा प्रसिद्ध कार्यक्रम २०२० मध्ये श्रोत्यांविना आणि आधीच ध्वनिमुद्रित करून झाला. तो पहिल्यांदा झाला २४ डिसेंबर १९१८ रोजी, महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि इन्फ्लुएन्झाची साथ चालूच होती. तेव्हा चॅपलची दारं उघडी होती.

चौथ्या पातळीच्या नियमात एक फट होती, आणि ती नेमकी योग्य जागी होती. बाहेर, मोकळ्या सार्वजनिक जागी, दुसऱ्या घरातल्या एका माणसाला भेटता येत होतं. एकट्या राहणाऱ्यांना दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची जूनपासूनची सोयही कायम होती. एका माणसाबरोबर बागेत चक्कर मारण्यात तीन कामं होतात: आवाज मिळतो, थेंब वाऱ्यावर उडून जातात, आणि उजेड मिळतो.

उजेडाचं हे प्रकरण मराठी वाचकाला पटकन पटत नाही. आपल्याकडे पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, त्या फक्त उजेड किती हे मोजतात. २००२ मध्ये त्यांचं काम नीट उलगडलं. निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचं कळवतात. हिवाळ्यात काहींचं हे घड्याळ मागे पडतं, झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, मन खचतं. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतुमानी नैराश्याचं वर्णन केलं. त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) दिव्यासमोर बसण्याचा उपचार रूढ आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स. ढगाळ दिवशीही बाहेर हजारांत. तेव्हा दुपारी दोनची चक्कर सकाळी साडेनऊला मारली तर जास्त फायदा.

तिथल्या मराठी मंडळींनी एक वेगळी खबरदारी घ्यायची. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके अतिनील किरण नसतात. सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागतं. तिथली आरोग्यसेवा सगळ्यांना हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगते, दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर. हाडं आणि स्नायूंसाठी. कोविड टाळण्यासाठी ते घेण्याइतका पुरावा नाही, असं तिथल्या तज्ज्ञ संस्थेने त्याच डिसेंबरात स्पष्ट केलं होतं.

झोपेबद्दल फार लिहायला नको. सर्दीचा विषाणू मुद्दाम नाकात सोडलेल्या १६४ जणांत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट होती, एवढं पुरे.

हृदयाबद्दल मात्र लिहायला हवं. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या २,८३,०१४ हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली गेली. २४ डिसेंबरला, म्हणजे तिथल्या मुख्य सणाच्या दिवशी, धोका ३७ टक्क्यांनी जास्त होता आणि सर्वाधिक रात्री दहाच्या सुमारास. ७५ पुढच्यांत आणि मधुमेहींत तो अधिक. साथीत याच्यावर आणखी एक भर पडली. २०२० च्या मार्चअखेर इंग्लंडमध्ये अशा रुग्णांची रुग्णालयातली भरती ४० टक्क्यांनी घटली होती. झटके तेवढे कमी झाले असतील असं मानायला जागा नाही. माणसं दुखणं अंगावर काढत घरी बसली. संसर्गाची भीती, त्यात डॉक्टरांना सणाच्या रात्री त्रास कशाला हा भिडस्तपणा. रुग्णवाहिकेसाठी इंग्लंडमध्ये ९९९, महाराष्ट्रात १०८. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला कळ असताना वडीलधारं कोणी 'ॲसिडिटी असेल, सकाळी बघू' म्हणालं, तर त्या रात्री त्यांचं ऐकायचं नाही.