वस्तुनिष्ठ निरीक्षण

वस्तुनिष्ठ निरीक्षण : निरीक्षक बदलला तरी न बदलणारे निरीक्षण. ज्यात कोणाची नजर, अपेक्षा किंवा पूर्वज्ञान मुळीच मिसळलेले नाही, असा कडक अर्थ घेतला तर ते अशक्य आहे. काय पाहायचे, कशाने मोजायचे आणि किती दशांशांपर्यंत लिहायचे हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते. प्रयोगशाळेत हा शब्द माणसापेक्षा पद्धतीला लावतात. दुसऱ्याने तीच रीत वापरली तर ठरलेल्या त्रुटीच्या आत तेच वाचन मिळायला हवे, एवढीच त्याची मागणी असते.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, नागपूरकर रोज विचारतात तो ‘आज पारा किती?’ हा आकडा घ्या. तापमापक पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. डोळा पाऱ्याच्या टोकाशी समपातळीत धरावा लागतो. तो वर-खाली झाला की वाचन काही दशांशांनी सरकते. आधी दशांश वाचायचे आणि मग पूर्ण अंश, कारण निरीक्षकाच्या अंगाची व श्वासाची ऊब पारा हलवते आणि पहिला बळी दशांशांचाच जातो. नंतर पुन्हा एकदा पाहायचे, कारण घाईत पाच किंवा दहा अंशांची चूक सहज होते. हवेतला दमटपणा काढण्यासाठी ठेवलेल्या ओल्या तापमापकावरची मलमल मळली किंवा सुकली तर तो जास्त तापमान दाखवतो आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यातही हवा दमट असल्याची नोंद होते. शेवटी प्रमाणपत्रात दिलेली त्या विशिष्ट तापमापकाची दुरुस्ती मिळवायची किंवा वजा करायची. हे सगळे नीट केले तरी माणूस उरतोच. शेवटचा अंक अंदाजाने लिहिताना हात शून्य आणि पाचकडे झुकतो. महिनाभराच्या नोंदींतले शेवटचे अंक मोजावेत. दहाही अंक साधारण सारख्या वेळा आले नाहीत, तर ती वही हवेबरोबर निरीक्षकाचीही माहिती देते.

ही माहिती मोजता येते, हे खगोलशास्त्रज्ञांनी आधी ओळखले. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांनी डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले. घड्याळाचे ठोके ऐकत, आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेला केव्हा ओलांडतो हे ठरवताना दोघांच्या वेळांत सुमारे ०.८ सेकंदाचा फरक पडत होता. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी स्वतःची इतर निरीक्षकांशी तुलना केली, तेव्हा कुशल माणसांतही एक सेकंदाहून मोठा आणि बऱ्यापैकी स्थिर फरक निघाला. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव पडले. किनेब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

यापेक्षा अवघड अडचण पूर्वज्ञानाची आहे. निरीक्षण सिद्धांताने भारलेले असते, असे तत्त्वज्ञ नॉरवुड हॅन्सन यांनी १९५८ मध्ये मांडले. कपाशीवरचा लाल्या, म्हणजे पाने लाल पडण्याची विकृती, पाहिला की ते पटते. पान लाल झाले यावर सगळ्यांचे एकमत होते, पण मॅग्नेशियमची कमतरता मनात असलेला माणूस शिरा हिरव्या आहेत का ते पाहतो आणि तुडतुड्यांचा संशय असलेला पान उलटून कीड मोजतो. दोघांच्या नोंदी खऱ्या असतात, पण अपुऱ्या. म्हणून रोगाचे नाव लिहिण्याआधीच कोणती झाडे घ्यायची ते ठरवतात आणि प्रत्येक झाडाची वरची, मधली व खालची अशी तीन पाने तपासून शिरा, कडा व कीड हे तिन्ही रकाने भरतात. रकाने कोणी आखले, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतोच. शक्य असेल तिथे कोणत्या वाफ्याला कोणते खत दिले हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. हा आंधळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो.

पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) मोजण्याने वस्तू बदलते, याचा आधार इथे वारंवार आणि बहुधा चुकीचा घेतला जातो. चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापक बुडवला तरी पाणी निवते; त्यात निरीक्षकाच्या मनाचा काही संबंध नाही.

यंत्र आणले की माणूस बाहेर पडतो, हा समजही तपासण्यासारखा आहे. वाघांची गणना पूर्वी पंजाच्या ठशांवरून होई. ठसा काचेवर गिरवून किंवा प्लास्टरचा साचा काढून वनरक्षक वाघ ‘ओळखत’. मऊ मातीत ठसा पसरतो, त्यामुळे एकाच वाघाचे दोन होत. २००५ मध्ये राजस्थानातले सरिस्का अभयारण्य वाघांविना निघाल्यावर ही पद्धत मागे पडली. पेंचच्या जंगलात आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. कॅमेरा कोणत्या वाटेवर बांधायचा, हे मात्र पुन्हा माणूसच ठरवतो.

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवले. जगातला नोंदीतला उच्चांक ५६.७ अंश (डेथ व्हॅली, १९१३) आहे आणि त्यावरही वाद आहे. जवळच्या इतर केंद्रांचे आकडे बरेच खाली होते. हवामान विभागाने संवेदकात बिघाड असल्याचे सांगितले. इथे अपेक्षेने निरीक्षणाला हरवले आणि ते योग्यच होते. उलट उदाहरण अंटार्क्टिकावरच्या ओझोनचे आहे. उपग्रहाच्या संगणकप्रणालीत १८० डॉब्सन एककांखालच्या (हे हवेतला ओझोन मोजायचे एकक) मूल्यांवर संशयास्पद अशी खूण पडत असे, पण ती मूल्ये खरी निघाली. तिथली घट १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली तळावरच्या जमिनीवरील उपकरणाने जाहीर केली. उपग्रहाचे आकडे मात्र जपून ठेवलेले होते, त्यामुळे ते पुन्हा तपासता आले.

म्हणून विचित्र आकडा आला तर आधी शेजारच्या उपकरणाशी ताडतात आणि मग संवेदक काढून प्रमाणित तापमापकासोबत एकाच तापमानात ठेवतात. मूळ आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी कारण, वेळ आणि सही लिहितात.